रुपयाचे वय

काही वर्षांपूर्वी माझी नेमणूक कोलकात्यात असताना एका रविवारी संध्याकाळी रसायनशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे जाण्याचा योग आला. सारा मोहल्ला त्यांना 'मास्टरमोशाय' म्हणत असे. मीही तसेच म्हणू लागलो. नाण्यांचा त्यांना पन्नास वर्षांचा नाद. चहा झाल्यावर त्यांनी टेबलावर काळ्या मखमलीचा तुकडा अंथरला आणि त्यावर चांदीचे दोन रुपये ठेवले. दोहोंवर तरुण व्हिक्टोरिया राणीचे मस्तक, मागे पानांच्या माळेत इंग्रजी आणि फारसी अक्षरांत 'एक रुपया', भोवती ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि साल १८४०. दोन्ही नाणी व्यवहारात कधी फिरलेली नव्हती. एक आरशासारखे पांढरेशुभ्र होते. दुसरे कडेला गडद निळे, थोडे आत जांभळट आणि मध्यावर फिकट सोनेरी, जणू त्यावर कुणी तेलाचा थेंब पसरू दिला असावा.

"या दोघांत थोरला कोणता?" त्यांनी विचारले.

दोहोंवर एकच साल असल्यामुळे प्रश्नाचा रोख मला कळला नाही. जतन चांगले झाले आहे म्हणून मी पांढऱ्याकडे बोट दाखवले. मास्टरमोशाय हसले. म्हणाले, "तो बहुधा माझ्याहूनही लहान आहे."

त्या एका वाक्याचा उलगडा करून घेण्यात माझ्या पुढच्या कितीतरी सुट्या गेल्या. आजचा लेख त्या शोधाचा गोषवारा आहे. विषय नाण्यांच्या छंदाचा वाटेल. परंतु त्याच्या मुळाशी शासन, अभिलेख आणि विश्वास यांचा प्रश्न आहे, म्हणून तो या ठिकाणी मांडण्याचे धाडस करतो.

वयाचा बट्टा

आरंभ थोडा मागून करावा लागेल. आपल्या देशात रुपयाचे वय वाढणे ही गोष्ट दीर्घकाळ रुपयाच्या विरोधात जात असे. मोगल परंपरेतील नाण्यावर बादशहाचे राज्यवर्ष कोरलेले असे. बंगालमध्ये चालू वर्षाचा 'सिक्का' रुपया पूर्ण किमतीला चाले. वर्ष उलटले की त्याच रुपयावर सराफ बट्टा आकारीत आणि आणखी जुना झाला की बट्टा वाढे. चांदी तेवढीच, वजन जवळजवळ तेवढेच, तरी केवळ वयामुळे किंमत कमी. शेतकऱ्याने धान्य विकून घेतलेला रुपया सरकारी भरण्यापर्यंत पोहोचेतो त्यातला अंश सराफाच्या पेढीवर राहून जाई. 'बट्टा लागणे' हा वाक्प्रचार आपण आज अब्रूच्या संदर्भात वापरतो. त्याचे माहेर या नाणेबाजारात आहे.

आपल्याकडची स्थितीही वेगळी नव्हती. पेशवाईच्या उत्तरकाळात अंकुशी, चांदवडी, मल्हारशाही अशा नाना नावांचे रुपये फिरत होते आणि प्रत्येकाचा भाव निराळा होता. नाणे पारखणारा तो नाणावटी. ते आडनाव उगीच रूढ झालेले नाही.

हा गोंधळ आवरण्यासाठी कंपनी सरकारने बंगालमध्ये एक खास प्रशासकीय तोडगा काढला. अठराव्या शतकाच्या अखेरीस सर्व सिक्का रुपयांवर शाह आलम बादशहाचे एकोणिसावे राज्यवर्षच छापायचे असे ठरले. वर्ष बदललेच नाही तर वयाचा बट्टा कशावर लावणार? युक्ती नामी होती. पण तिचा अर्थ असा की, नाण्यावरचे साल आता खरे राहिले नाही. सरकारनेच कालगणना थांबवून ठेवली. ही खोड पुढेही गेली नाही. १८४० साल असलेले रुपये १८४० नंतर वर्षानुवर्षे पाडले जात होते; राणीच्या नावाची अक्षरे सलग असलेला नमुना आधीचा आणि मस्तकाच्या दोन बाजूंना विभागलेला नमुना सुमारे १८५० नंतरचा, पण साल दोहोंवर तेच. राज्यकारभार राणीकडे गेल्यानंतर आलेल्या १८६२ च्या रुपयाचेही तेच झाले. ते सालही बरीच वर्षे गोठून राहिले.

एकसूत्रीपणा खऱ्या अर्थाने आला तो १८३५ च्या सतराव्या कायद्याने. १८० ग्रेन वजनाचा आणि त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी असलेला एकच रुपया कंपनीच्या सर्व मुलखात लागू झाला. १८० ग्रेन म्हणजे एक तोळा, आजच्या मापाने सुमारे ११.६६ ग्रॅम. या सुधारणेमागे कोलकाता टांकसाळीचे कस-परीक्षक जेम्स प्रिन्सेप यांचा मोठा वाटा होता. ब्राह्मी लिपी वाचणारे प्रिन्सेप ते हेच. दिवसा नव्या रुपयाचा कस पाहणारा आणि उरलेल्या वेळात दोन हजार वर्षांपूर्वीच्या नाण्यांवरील अक्षरे लावणारा हा अधिकारी १८४० साली वयाच्या चाळिसाव्या वर्षी वारला. नवे नाणे आणि जुने नाणे या दोहोंचे मोल एकाच माणसाला कळावे हा योगायोग मला फार बोलका वाटतो.

आरशाचे नाणे

आता 'प्रूफ' या शब्दाकडे येऊ. नाणे किती चांगल्या अवस्थेत आहे याच्याशी या शब्दाचा संबंध नाही. ते कसे घडवले याच्याशी आहे. नवा साचा तयार झाला की अधिकाऱ्यांच्या मंजुरीसाठी काही नाणी काळजीपूर्वक पाडली जात. मुद्रणालयात अंतिम छपाईआधी प्रूफ काढतात तसाच हा प्रकार. साचा घासून आरशासारखा केलेला, चकतीही उजळलेली, दाब जास्त आणि ठोका बहुधा एकाहून अधिक वेळा. परिणामी सपाट भाग काचेसारखा चमकतो आणि उठावाचा प्रत्येक केस, प्रत्येक पान धारदार दिसते. अशी नाणी हाताळण्यासाठी नसतात. ती पाहुण्यांना, वस्तुसंग्रहालयांना, संग्राहकांना दिली जातात आणि मग एखाद्या खणात वा पाकिटात दीर्घकाळ पडून राहतात.

कोलकात्याची स्ट्रँड रोडवरची आणि मुंबईची फोर्टातली अशा दोन्ही वाफेच्या टांकसाळी १८२९ च्या सुमारास कामाला लागल्या. लंडनच्या विल्यम वायन यांच्यासारख्या नामांकित कोरक्यांनी केलेली मस्तके या यंत्रांवर छापली जाऊ लागली. आपल्याकडे 'कलदार' हा शब्द याच यंत्राच्या रुपयाचा. बंदा, खणखणीत, कडेला दाते असलेला. त्याच यंत्रांतून निघालेली मोजकी प्रूफ नाणी म्हणजे टांकसाळीने स्वतःच्या कसबाचा दिलेला दाखला.

रंग कोठून येतो

मास्टरमोशायांनी मला रसायनशास्त्र समजावले ते फळ्याशिवाय, पण फळ्यासमोर उभे राहिल्यासारखेच.

हवेत गंधकाची संयुगे अत्यल्प प्रमाणात असतातच. कोळशाचा धूर, कागद, पुठ्ठा, लोकर, रबर यांतूनही ती येतात. चांदीशी त्यांचा संयोग झाला की पृष्ठावर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसू लागतो. आरंभी तो इतका पातळ असतो की मिलिमीटरच्या एक लक्षांश भागाच्या भाषेत त्याची जाडी सांगावी लागते. प्रकाशाचा काही अंश या थराच्या वरच्या पृष्ठावरून परततो आणि काही खालच्या चांदीवरून. हे दोन परतलेले किरण एकमेकांत मिसळतात, काही रंग एकमेकांना पुसतात, काही उठून दिसतात. साबणाच्या फुग्यावर किंवा पावसात रस्त्यावर सांडलेल्या तेलावर जे इंद्रधनुष्य दिसते त्यामागेही हेच तत्त्व. नाण्यावर रंगद्रव्य नसतेच. आपल्याला दिसते ती थराची जाडी.

म्हणून या रंगांना क्रम असतो. आधी फिकट पिवळा, मग सोनेरी, मग तांबूस-जांभळा, मग निळा. थर आणखी वाढला की पिवळ्यापासून पुन्हा फेरी सुरू होते, आणि या दुसऱ्या फेरीत हिरवा उमटतो. शेवटी सारे करड्या-काळ्या रंगात बुडते. नाणे पाकिटात असेल तर हवा कडेने शिरते, म्हणून कडेचा थर जाड आणि मध्याचा पातळ. मास्टरमोशायांच्या रुपयावर कडेला निळा, मग जांभळा, मग सोनेरी असे जे पट्टे होते ते या क्रमाचेच चित्र होते. प्रूफ नाण्याचा आरसा सपाट असल्यामुळे ही छटा त्यावर जितकी स्वच्छ दिसते तितकी व्यवहारातल्या नाण्यावर दिसत नाही. मागे आरसा आणि पुढे रंगीत पडदा. नाणे हातात किंचित तिरके केले की पडद्याआडून प्रकाश हलतो. ज्याने हे एकदा पाहिले त्याला संग्राहकांचे वेड निराळे समजावून सांगावे लागत नाही.

"आणि वेळ?" मी विचारले.

"वेळेचा हिशेब कुणालाच नक्की देता येत नाही," ते म्हणाले. "आमच्या या दमट शहरात वर्षभरातही काळे होईल, कोरड्या खणात शंभर वर्षे सोनेरी राहील. रंग पुरावा नव्हे. रंग साक्षीदार आहे. साक्षीदाराची उलटतपासणी करावी लागते."

या ठिकाणी अमेरिकेतील एक कथा सांगण्याजोगी आहे, कारण ती आपल्या रुपयाशी थेट जोडलेली आहे. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयाची मागणी इतकी वाढली की सरकारचा साठा आटत चालला. १९१७ च्या ३० नोव्हेंबरला एक रुपयाची नोट काढावी लागली. तरी लोक नोटा घेऊन रुपये मागायला येतच होते. तेव्हा अमेरिकेने एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा केला आणि आपल्या कोषागारातील २५ कोटी ९० लाखांहून अधिक चांदीचे डॉलर वितळवून सुमारे २० कोटी औंस चांदी ब्रिटनला हिंदुस्थानसाठी विकली. त्या चांदीचे आपल्याकडे रुपये झाले. कोणत्या सालचे किती डॉलर वितळले याची नोंद तेथील टांकसाळीने ठेवली नाही. जे वाचले ते हजार-हजारांच्या कापडी पोत्यांत पडून राहिले आणि १९६२ ते १९६४ या काळात कोषागारातून मोठ्या संख्येने बाहेर आले. पोत्याच्या कापडाला टेकून राहिलेल्या काही डॉलरांवर इंद्रधनुष्याचे पट्टे उमटले होते, काहींवर कापडाची वीणही. ती व्यवहाराची नाणी, प्रूफ नव्हेत. पण आज त्यांच्यावर जीव टाकणाऱ्या संग्राहकाला नाण्यावर नेमके काय दिसते? अनेक दशके कुणीही हात न लावल्याची खूण. जी नोंद कागदावर ठेवली गेली नाही तिचा एक तुकडा कापडाने आणि हवेने ठेवला.

सरकारनेच घडवलेला भूतकाळ

आता पांढऱ्या रुपयाची गोष्ट.

कोलकाता आणि मुंबई या दोन्ही टांकसाळी संग्राहकांच्या मागणीवरून जुन्या सालांची प्रूफ नाणी पुन्हा पाडून देत असत. जुना साचा उपलब्ध असेल तर त्यावरून, नसेल तर नव्याने केलेल्या साच्यावरून. ही प्रथा ब्रिटिश काळात सुरू झाली आणि स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली; ती बंद झाली १९७० मध्ये. याचा अर्थ असा की, प्रजासत्ताक भारताच्या टांकसाळीतही ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाची आणि एकोणिसाव्या शतकातील सालाची नाणी पाडली गेली. फसवणुकीचा हेतू त्यात नव्हता. ती मागणीप्रमाणे पुरवठा करणारी साधी सेवा होती. परंतु त्या नाण्यांवर 'पुन्हा पाडलेले' अशी कोणतीही खूण नव्हती, आणि घेणारा गेला की त्याच्याबरोबर ती माहितीही गेली.

प्रशासनात वावरणाऱ्या वाचकांना यातील अडचण लगेच लक्षात येईल. बनावट दस्तऐवज ओळखता येतो, कारण तो खऱ्यासारखा असला तरी खऱ्या कार्यालयातून आलेला नसतो. येथे कार्यालय खरे, साचा अनेकदा खरा, चांदी खरी. फक्त तारीख मागची. अशा नाण्याला खोटे म्हणता येत नाही आणि मूळही म्हणता येत नाही. मेजर फ्रेड प्रिडमोर यांनी १९७५ आणि १९८० साली ब्रिटिश हिंदुस्थानातील नाण्यांच्या सूचीचे दोन खंड प्रसिद्ध केले. जाणकार संग्राहक आजही साच्यावरच्या चिरा, अक्षरांची ठेवण, कडा, वजन यांचा मेळ त्यांतील नोंदींशी घालत बसतात. तरीही कित्येक नाण्यांबाबत निर्णय अवघड राहतो.

अशा वेळी पृष्ठाची साक्ष महत्त्वाची ठरते. १९६० साली पाडलेल्या नाण्यावरही रंग येऊ शकतो, हे खरे. पण ज्या रुपयावर सलग, क्रमाने आलेला, कोठेही न ओरखडलेला थर आहे, जो एका जुन्या पाकिटात होता, ज्या पाकिटावर मागच्या मालकाचे हस्ताक्षर आहे, त्या रुपयाची बाजू बळकट होते. एकेक पुरावा दुबळा असतो. सारे एकमेकांना धरून बोलू लागले की विश्वास बसतो. मास्टरमोशायांच्या रंगीत रुपयाचे पाकीट पिवळे पडले होते. त्यावर दोन निरनिराळ्या शाईंत दोन निरनिराळ्या हातांनी लिहिलेल्या ओळी होत्या, आणि तिसरी त्यांची स्वतःची. ही एक छोटी फाईलच होती.

तीन मूल्ये

मी पुण्यात अर्थशास्त्र शिकलो तेव्हा रुपयाची कथा आम्हाला विनिमय दराच्या अंगाने शिकवली गेली. १८३५ च्या रुपयात चांदीचे मूल्य आणि शासनाचे वचन जवळपास एकच होते. कुणीही चांदी नेऊन रुपये पाडून घ्यावेत. २६ जून १८९३ रोजी टांकसाळी खाजगी चांदीसाठी बंद झाल्या आणि वचन धातूपासून सुटे झाले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या व्यवस्थेची चिकित्सा केली. १९४० मध्ये युद्धाच्या ताणाखाली रुपयातील चांदी निम्म्यावर आली: ५० टक्के चांदी, ४० तांबे, ५ निकेल, ५ जस्त. १९४१ ते १९४३ या काळात जुने शुद्ध रुपये चलनातून मागे घेतले गेले आणि १९४७ मध्ये निकेलचा रुपया आला. युद्धकाळातील तोच मिश्रधातू २०२३ च्या नव्या संसदभवनाच्या ७५ रुपयांच्या स्मारक नाण्यातही वापरला गेला.

म्हणजे राणीछाप रुपयातील वचन संपले आहे. तो आज दुकानात चालणार नाही. चांदीचे मूल्य उरले आहे, ते तोळ्याच्या भावाने कुणीही सांगेल. त्यापलीकडे जी किंमत मिळते ती सारी इतिहासाची, आणि ती नाण्याच्या पृष्ठावर, काही नॅनोमीटरांत मावते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींचे उदाहरण घेऊन दाखवले की, विकणाऱ्याला माहिती आहे आणि घेणाऱ्याला नाही अशा बाजारात चांगला माल हळूहळू बाहेर पडतो. जुन्या नाण्यांचा बाजार नेमका असा आहे. म्हणूनच अमेरिकेत १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या प्रमाणीकरण संस्था सुरू झाल्या आणि घासलेल्या वा कृत्रिम रंगाच्या नाण्याला त्या नितळ श्रेणी नाकारतात.

कृत्रिम रंग? अर्थातच. जेथे किंमत तेथे नक्कल. गंधकयुक्त रसायन, भट्टीची उष्णता, इतकेच काय डबीत ठेवलेले उकडलेले अंडेही चांदीला रंग आणते. पण घाई केली की क्रम बिघडतो: सोनेरी पायरी न येताच निळा उमटतो, रंग पृष्ठावर तरंगल्यासारखा दिसतो, किंवा जुन्या ओरखड्यांच्या तळाशीही तोच ताजा रंग सापडतो. काळाने केलेले काम हुबेहूब करायला जवळजवळ काळच लागतो, ही नैसर्गिक रंगाची खरी मातब्बरी.

चिंच आणि रांगोळी

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. लहानपणी दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी देव्हाऱ्यातील चांदी उजळण्याचे काम माझ्याकडे असे. आजोबांच्या पेटीतले अकरा राणीछाप रुपये मी दरवर्षी चिंचेचा कोळ लावून रांगोळीने घासत असे. पांढरे लख्ख झाले की आजी माझ्या पाठीवर हात फिरवी. ते रुपये आज माझ्याकडे आहेत. राणीच्या केसांची वळणे बुजली आहेत, गालावर बारीक रेघांचे जाळे आहे. त्याचा मला खेद नाही. ती पूजेची नाणी होती आणि माझ्या हाताच्या रेघा हाच त्यांचा इतिहास आहे. ती संग्राहकासाठी कधीच नव्हती.

खेद आहे तो दुसऱ्या गोष्टीचा.

माझी कोलकात्याहून बदली झाली. त्यानंतर तीनेक वर्षांनी मास्टरमोशाय गेल्याचे कळले. पुढे काही महिन्यांनी त्यांच्या मुलाचा दूरध्वनी आला. वाटणीसाठी संग्रहाची यादी करायची आहे, बाबा तुमचे नाव घेत असत, येऊ शकाल का? कामानिमित्त त्या बाजूला जाणे होतेच, मी गेलो. टेबल तेच होते. मखमलीवर सारी नाणी ओळीने मांडली होती आणि सारी चमकत होती.

मुलाने हे मनापासून केले होते. वडिलांच्या वस्तू काळवंडलेल्या अवस्थेत भावंडांसमोर मांडणे त्याला प्रशस्त वाटले नाही. बाजारातील चांदी उजळण्याच्या द्रवात एकेक नाणे बुडवून, मऊ फडक्याने पुसून त्याने ठेवले होते. अशा द्रवात बहुधा आम्ल आणि थायोयुरिया असते. ते सल्फाइडचा थर विरघळवते आणि सल्फाइड झालेली चांदीही त्याबरोबर जाते. प्रूफचा आरसा एवढ्यानेही मंद होतो. फडक्याने उरलेसुरले काम केले होते. मळकी, फाटकी पाकिटे टाकून देऊन प्रत्येक नाण्याला नवे प्लास्टिकचे पाकीट मिळाले होते.

१८४० चे दोन रुपये शेजारी शेजारी होते. दोन्ही पांढरे. मी भिंग घेऊन बराच वेळ पाहत राहिलो. एखादा मोठा तज्ज्ञ साच्याच्या बारकाव्यांवरून कदाचित सांगू शकला असता. मला सांगता आले नाही. यादीत मी दोहोंसमोर एकच शेरा लिहिला: 'रुपया, १८४०, प्रूफ, पृष्ठ स्वच्छ केलेले, मूळ की नंतर पाडलेला ते अनिश्चित.' मुलाने विचारले, "काका, काही चुकले का?" मी त्याला खरे ते सांगितले. न सांगणे सोपे होते, पण त्याच्याकडे आणखी एक पेटी होती आणि ती अजून उघडली गेली नव्हती. ती पेटी तशीच राहिली. तिच्यातील पाकिटांसह आम्ही तिची यादी केली.

सचोटीची साफसफाई

परतीच्या प्रवासात मला माझ्या पहिल्या नेमणुकीतील अभिलेख कक्ष आठवत राहिला. वरिष्ठांच्या निरीक्षणाआधी भिंतींना चुना लागे, कपाटांना रंग लागे आणि कधी कधी उत्साहाच्या भरात एखादी जीर्ण नोंदवही नव्या वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून जुनी बाद केली जाई. हेतू चांगला असे. पण जुन्या वहीत निरनिराळ्या शाया होत्या, समासातले शेरे होते, खोडलेले आकडे होते. सरकारी कामाचा नियम असा की, चूक खरवडून काढायची नाही; तिच्यावर एक रेघ मारायची, शेजारी दुरुस्ती लिहायची आणि आद्याक्षरी करायची. चूकही वाचता आली पाहिजे. नव्या वहीत सारे एकाच हाताचे, एकाच दिवसाचे. ती स्वच्छ असते आणि तिला कोणताही प्रश्न विचारता येत नाही.

आपल्या पुरावस्तू कायद्याने, म्हणजे १९७२ च्या अधिनियमाने, शंभर वर्षे पूर्ण झालेल्या नाण्याला पुरावस्तू मानले आहे. १९१८ चा रुपया २०१८ साली त्या कक्षेत आला. पिटमन कायद्याच्या चांदीतून पाडलेले रुपये आता पुरावस्तू आहेत. निर्यातीवर कायद्याचा कडक पहारा आहे. परंतु घरातल्या खणात, दिवाळीच्या आदल्या दिवशी, चिंचेच्या वाटीशेजारी कायदा पोहोचत नाही आणि पोहोचूही नये. तेथे फक्त माहिती पोहोचू शकते.

म्हणून थोडी व्यावहारिक माहिती देतो. पूजेची नाणी खुशाल उजळावीत. पण घरात एखादे न फिरलेले, आरशासारख्या पृष्ठाचे जुने चांदीचे नाणे असेल, त्यावर रंग चढला असेल, तर त्याला कडेने धरावे, पृष्ठाला बोट लावू नये, पुसू नये. वर्तमानपत्र, रबर, लोकर आणि मऊ, वास येणारे प्लास्टिक यांपासून दूर, कोरड्या जागी ठेवावे. ज्या पाकिटात मिळाले ते पाकीट टाकू नये. रंग काळा होऊन खवले धरू लागला असेल तर ती झीज आहे. तिचे कौतुक करण्याचे कारण नाही, पण तेव्हाही जाणकाराला दाखवल्याशिवाय काही करू नये. थर काढणे केव्हाही शक्य असते, परत बसवणे कधीच शक्य नसते.

एके काळी या देशात रुपया जुना झाला म्हणून त्याला बट्टा लागत असे, आणि तो टाळण्यासाठी सरकारने साल गोठवले. आज संग्राहक त्याच वयासाठी अधिमूल्य मोजतो. यात त्याची हौस आहे, काहीसा अहंकारही असेल. पण ज्या नाण्यांवरचे साल वारंवार खोटे बोलले त्यांच्या बाबतीत पृष्ठावरचा रंग तेवढा कुणाच्या हुकमाने आलेला नाही, हे त्याने ओळखले आहे.

त्या दुसऱ्या पेटीत १८६२ चा एक प्रूफ रुपया होता, निळसर कडेचा. मुलाने तो विकला नाही. मागच्या वर्षी त्याने मला त्याचे छायाचित्र पाठवले. नाणे त्याच जुन्या पाकिटावर ठेवलेले होते. पाकिटावर आता चौथी ओळ आहे, त्याच्या स्वतःच्या हस्ताक्षरात, तारखेसह.